वेस्टिन मोठं की शेरेटन? मॅरियटच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ, मॅरियट इंटरनॅशनल, बेथेस्डा, मेरीलँड
आणि कंपनीचा भारतातला कारभार पाहणारे अधिकारी

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी सांगलीचा. लग्नाची वऱ्हाडं, मिरजेच्या डॉक्टरांच्या परिषदा, साखर कारखान्यांचे अभ्यासदौरे, बियाणं कंपन्यांचे विक्रेता मेळावे यांच्यासाठी पुण्यात, मुंबईत, गोव्यात खोल्या आणि हॉल धरून देणं हा माझा व्यवसाय. तुमच्या हिशेबात मी ग्राहकही नाही आणि भागीदारही नाही, मधला माणूस आहे. पण एखाद्या हळदीच्या व्यापाऱ्याने मुलीचं लग्न पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात करायचं ठरवलं, की कुठलं हॉटेल हे तो तुमच्या वेबसाइटला विचारत नाही, मला विचारतो. तिथे काही बिनसलं तर तो बेथेस्डाला फोन लावत नाही. माझ्या ऑफिसात येऊन बसतो, आणि चहा पिऊनसुद्धा उठत नाही.

आता पत्र लिहायचं कारण. २०२५ च्या मे महिन्यात तुम्ही 'सीरीज बाय मॅरियट' असं आणखी एक नाव जाहीर केलंत. सुरुवात भारतातून. त्यासाठी मुंबईच्या कॉन्सेप्ट हॉस्पिटॅलिटी या कंपनीत थोडं भांडवल घालायचं आणि तिची फर्न, फर्न रेसिडेन्सी, फर्न हॅबिटॅट ही हॉटेलं या नव्या नावाखाली आणायची, असं ठरलं. त्याच वर्षी तुम्ही सिटिझनएम ही युरोपातली साखळी ३५.५ कोटी डॉलरला विकत घेतलीत. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, जेमतेम सव्वा वर्षापूर्वी जिच्याशी करार केला होता त्या, सदनिका मुक्कामाला देणाऱ्या सॉन्डर कंपनीला सोडून दिलंत. एक नाव काढलं, एक घेतलं, एक टाकलं. फर्न आमच्याकडच्या लोकांना गोरेगावचं माहीत आहे, दापोलीचं माहीत आहे, गोव्यात कदंब पठारावरचं माहीत आहे. त्यामुळे बातमी आली तेव्हा लोकांनी मलाच विचारलं, "म्हणजे आता फर्न हे मॅरियट झालं का?" मी तुमचं निवेदन शेवटपर्यंत वाचलं. गुंतवणूकदाराला हवं ते सगळं त्यात होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्यातून त्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं नाही.

हे दुखणं २०२५ चं नाही, २०१६ चं आहे. वेस्टिन, शेरेटन ही नावं जिची होती ती स्टारवुड कंपनी विकत घेण्याचा करार तुम्ही नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केलात. मध्येच चीनच्या अनबांग विमा कंपनीने जास्तीची बोली लावली आणि मार्चअखेर ती मागेही घेतली. २३ सप्टेंबर २०१६ ला व्यवहार पुरा झाला तेव्हा सुमारे १३०० कोटी डॉलर मोजून तुम्ही जगातली सगळ्यात मोठी हॉटेल कंपनी झालात: ५,७०० वर हॉटेलं, ११ लाख खोल्या आणि ३० ब्रँड. तुमचे तेव्हाचे प्रमुख, दिवंगत आर्नी सोरेनसन, यांना पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न विचारला जात होता की इतक्या नावांचं करणार काय. उत्तर होतं, सगळी ठेवणार. आणि तो शब्द कंपनीने पाळला. पाळला एवढंच नाही, वर भरही घातली.

लग्नानंतर दोन घरांची भांडी एका फडताळात येतात, तेव्हा कुठल्या तांब्यावर कोणाचं नाव कोरलंय ते वाचत बसावं लागतं. घरच्यांना त्याची गंमत वाटते. पाहुण्याला पाणी हवं असतं.

आता माझी गाऱ्हाणी. सगळी सारख्या वजनाची नाहीत, त्यामुळे काहींवर जास्त बोलणार आहे.

पहिलं गाऱ्हाणं नावांचंच. एकट्या पुण्यात तुमची रिट्झ-कार्लटन, जे. डब्ल्यू. मॅरियट, वेस्टिन, शेरेटन ग्रँड, कोर्टयार्ड, फोर पॉइंट्स आणि फेअरफील्ड इतकी नावं आहेत. मुलीचे वडील समोर बसून विचारतात, "वेस्टिन मोठं की शेरेटन?" रिट्झ-कार्लटन वर आणि फेअरफील्ड खाली हे मी सांगू शकतो. मधलं काय सांगू? शेरेटन, वेस्टिन, मॅरियट, रेनेसाँ, ल मेरिडियन, आणि २०१५ मध्ये कॅनडातून घेतलेलं डेल्टा, ही सगळी नावं तुमच्याच यादीत जवळजवळ एकाच पायरीवर उभी आहेत. प्रत्येकाचं वर्णन तुमच्या पानावर आहे, पण वर्णनांवरची नावं झाकून वाचली तर तुमच्याच एखाद्या अधिकाऱ्याला ती ओळखता येतील का, याची मला शंका आहे. स्वतंत्र हॉटेलं गोळा करणारी नावंसुद्धा एक नाही, तीन: लक्झरी कलेक्शन, ऑटोग्राफ आणि ट्रिब्यूट. आता सीरीज हे खालच्या किमतीतलं चौथं.

नावाला अर्थ असू शकत नाही असं माझं म्हणणं नाही. तुम्ही १९८३ मध्ये कोर्टयार्ड काढलंत ते धंद्यानिमित्त फिरणाऱ्या माणसांना आधी विचारून. खोलीत काय हवं, कशाचे पैसे द्यायला ते तयार आहेत, कशाचे नाहीत, हे ऐकून मग इमारत बांधली. वेस्टिनने १९९९ मध्ये आपल्या पलंगालाच नाव दिलं आणि तो पलंग लोकांच्या लक्षात राहिला. डब्ल्यू हे नाव १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालं तेव्हा ते कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे दारातून आत शिरतानाच कळत होतं. शेरेटन तर १९३७ पासूनचं. आमच्याकडे एक पिढी अशी आहे जिच्या लेखी पंचतारांकित म्हणजे ताज, ओबेरॉय आणि शेरेटन. इतकं कमावलेलं नाव विलीनीकरणानंतर तुम्हालाच डागडुजीला काढावं लागलं, त्याचं बोधचिन्ह २०१९ मध्ये बदलावं लागलं. याचं कारण जुन्या व्यवस्थापनाने ते नाव कुठल्याही इमारतीवर लावू दिलं होतं. त्या चुकीची किंमत तुम्ही मोजलीत. तरी नवी नावं काढताना तोच सैलपणा पुन्हा दिसतो आहे.

पवईचं उदाहरण देतो, कारण मुंबईकडच्या वाचकाला ते लगेच कळेल. पवई तलावाकाठचं रेनेसाँ आता वेस्टिन आहे. तलाव तोच, इमारत तीच, मालकही तोच. रेनेसाँ विलीनीकरणाआधीपासून तुमच्या घरातलं, वेस्टिन स्टारवुडच्या घरातून आलेलं, दोन्ही तुमचीच. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. हे करताना काही सुधारणा झाल्या असतील, खर्चही झाला असेल, मी नाकारत नाही. पण मग दोन्ही नावांत फरक आहे असं तुम्ही म्हणता तो नेमका काय, हे त्या बदलाच्या वेळी तरी सांगता आलं असतं. "आधी हे मिळत होतं, आता हे मिळेल, हे बंद होईल", तीन ओळी. तेवढ्या मी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवल्या असत्या.

दुसरं गाऱ्हाणं असं, की नावं का वाढतात याचं खरं कारण पाहुण्याला कोणी सांगत नाही. जाहिरातीत म्हटलं जातं, प्रत्येक प्रवासासाठी वेगळा ब्रँड. आमच्या धंद्यातल्या माणसाला खरं कारण ठाऊक असतं. तुमची बहुतेक हॉटेलं तुमची नसतात. इमारत दुसऱ्याची, तुम्ही ती चालवता किंवा नुसतं नाव आणि आरक्षणाची यंत्रणा देता, आणि उत्पन्नाचा हिस्सा घेता. इमारत बांधणारा मालक शहाणा असतो. तो करारात लिहून घेतो की माझ्या हॉटेलापासून अमुक अंतरात हेच नाव दुसऱ्याला द्यायचं नाही. ही अट असली की त्या भागात त्या नावाचं दार बंद. मग दुसऱ्या मालकाशी करार करायचा तर दुसरं नाव लागतं. तिसऱ्याला तिसरं. शेअर बाजार दर तिमाहीला विचारतो, खोल्या किती वाढल्या. नावं जितकी जास्त, तितके एका शहरात करार जास्त. उलट एखादं नाव मोडीत काढायचं तर त्या नावावर वर्षानुवर्षांचे करार असलेले मालक नुकसानभरपाई मागायला उभे राहणार. म्हणून नाव काढणं सोपं आणि मिटवणं महाग.

हा धंदा झाला, त्यात मला पाप दिसत नाही. एकटे तुम्हीच हे करता असंही नाही. अकॉरने २०१६ मध्येच फेअरमाँट, रॅफल्स आणि स्विसोटेल घेतली, हयातने २०१८ मध्ये टू रोड्स घेतली, त्यांच्याही याद्या लांबतच चालल्या आहेत. पण मालकाच्या सोयीसाठी काढलेलं नाव पाहुण्याला 'तुमच्या आवडीसाठी' म्हणून विकू नका. आणि हे पत्र तुम्हालाच का, तर तुम्ही सगळ्यांत मोठे. तुम्ही जो पायंडा पाडता तो बाकीचे उचलतात.

तिसरं गाऱ्हाणं माझ्या अंगावर आलेलं आहे. ते हॉटेल तुमचं नव्हतं, दुसऱ्या एका समूहाचं होतं आणि नाव घेण्याची गरज नाही. मिरजेच्या डॉक्टरांची परिषद होती. हॉल, खोल्या, जेवण सगळं ठरलेलं, आगाऊ रक्कम भरलेली. परिषदेच्या थोडं आधी त्या समूहाने आपले ब्रँड नव्याने लावले आणि हॉटेलची पाटी बदलली. आमच्या दरात नाश्ता धरलेला होता, नव्या नावाखाली तो वेगळा झाला. जैन जेवणासाठी बाहेरचा महाराज आणायची परवानगी आधीच्या माणसाने तोंडी दिली होती, ती नव्या नियमांत बसेना. विचारायला गेलो तर व्यवस्थापक तोच, मला नावाने ओळखणारा. म्हणाला, "साहेब, आम्ही सगळे तेच आहोत हो, पण सिस्टीम बदललीय." अखेर नाश्त्याचा फरक मी माझ्या कमिशनमधून भरला, कारण डॉक्टर मंडळींना सिस्टीमशी देणंघेणं नव्हतं. त्यांना माझा शब्द ठाऊक होता.

पाटी बदलण्याचा हा प्रकार नवा नाही. पुण्यात राजा बहादूर मिल रस्त्यावरचं ल मेरिडियन शेरेटन ग्रँड झालं. मुंबई विमानतळाजवळचं आयटीसीचं ग्रँड मराठा शेरेटन पुढे लक्झरी कलेक्शनमध्ये गेलं, तेव्हा ही दोन्ही नावं स्टारवुडची होती. आमच्या टाटांनीही हा खेळ केलेला आहे: २०१० मध्ये 'विवांता बाय ताज' वेगळं काढलं, २०१७ मध्ये सगळं पुन्हा ताजखाली आणलं, दोन वर्षांत विवांता पुन्हा वेगळं केलं आणि सोबत सिलेक्शन्स काढलं. या सगळ्या काळात पुण्यातल्या रिक्षावाल्याला कोरेगाव रस्त्याचं ते हॉटेल फक्त ब्लू डायमंड म्हणून माहीत होतं. शेवटी कंपनीनेही तेच नाव पुढे आणलं. तुमच्या ब्रँड विभागाने त्या रिक्षावाल्याला एकदा भेटावं, असं मला मनापासून वाटतं. सल्ल्याची फी तो मीटरने घेईल.

चौथं गाऱ्हाणं पॉइंटांचं. माझे काही व्यापारी गिऱ्हाईक स्टारवुडच्या एसपीजी योजनेचे (मुक्कामांवर पॉइंट जमवायचे आणि ते देऊन खोली घ्यायची) जुने सभासद होते. त्या योजनेची ख्याती अशी की खोली रिकामी असेल तर पॉइंटावर मिळणार, 'या तारखांना नाही' असली भानगड नाही. विलीनीकरणाच्या दिवशी तुम्ही एका स्टारपॉइंटला तीन मॅरियट पॉइंट असा भाव जाहीर केलात. तो बाजाराला धरून होता, तिथे तुम्ही सरळ वागलात. ऑगस्ट २०१८ मध्ये एसपीजी, मॅरियट आणि रिट्झ-कार्लटन या तिन्ही योजना एकत्र झाल्या तेव्हा जगभर लोकांचे पॉइंट आणि मुक्कामाच्या रात्रींच्या नोंदी गायब झाल्याच्या तक्रारी आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'बॉनव्हॉय' हे नाव आलं. त्यावर काय बोलणार, आमच्याकडे अजून लोक ते 'बोनवाय' म्हणतात. खरा घाव मार्च २०२२ मध्ये बसला. कुठल्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचा छापील तक्ताच तुम्ही काढून टाकलात. आता पॉइंटांची किंमतही खोलीच्या भाड्यासारखी वरखाली होते. भाडं वाढलं तर माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. पण आधीच कमावून ठेवलेले पॉइंट घेऊन तो कुठे जाणार?

त्यातही ब्रँडागणिक नियम वेगळे. प्लॅटिनम, म्हणजे वरच्या दर्जाच्या सभासदाला अनेक नावांखाली नाश्ता मिळतो. रिट्झ-कार्लटनमध्ये, म्हणजे तुमच्या सगळ्यात महागड्या घरात, तो मिळत नाही आणि तिथल्या लाउंजमध्ये प्रवेशही नाही. प्लॅटिनमचं कार्ड घेऊन वरच्या मजल्यावर जावं आणि तिथे कार्ड चालत नाही म्हणून कळावं, हे एखाद्या वडीलधाऱ्या कारखानदाराला समजावून सांगायचं काम एकदा करून पाहा.

पाचवं गाऱ्हाणं सगळ्यात गंभीर आहे आणि त्यावर विनोद करवत नाही. ३० नोव्हेंबर २०१८ ला तुम्ही जाहीर केलंत की स्टारवुडच्या आरक्षणाच्या माहितीसाठ्यात घुसखोरी झाली आहे. घुसखोर २०१४ पासून आत होते, म्हणजे तुम्ही कंपनी घेतलीत त्याच्याही आधीपासून. पहिला अंदाज ५० कोटी पाहुण्यांचा होता, नंतर तो ३८.३ कोटी नोंदींवर आला. त्यांत ५२.५ लाख पासपोर्ट क्रमांक कुठल्याही सांकेतिक संरक्षणाशिवाय उघडे पडलेले होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये १.८४ कोटी पौंडांचा दंड केला. अमेरिकेत ४९ राज्यांशी ५.२ कोटी डॉलरची तडजोड व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला.

मला इथे एकच गोष्ट टोचते. खरेदी करताना तुम्ही स्टारवुडच्या नावांची पारख केली, करार तपासले, बचतीचे आकडे काढले. आणि पाहुण्यांची माहिती जिथे होती ती जुनी यंत्रणा पुढची दोन वर्षं चालूच ठेवली. ब्रँड एका दिवसात तुमचे झाले, तसे त्या यंत्रणेतले पासपोर्टही त्याच दिवशी तुमच्या जबाबदारीचे झाले होते. आता फर्नची हॉटेलं येताहेत. त्यांच्या काउंटरवर आमच्या गावच्या माणसांची आधार कार्डं झेरॉक्स झाली आहेत, फोटो काढले गेले आहेत, मोबाइल नंबर नोंदले आहेत. भारतात २०२३ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्या जुन्या नोंदींचं काय होणार, त्या तुमच्या यंत्रणेत येणार की नाही, येणार असतील तर आधी काय तपासणार, हे अजून आम्हा सामान्यांना समजेल अशा भाषेत कुठे लिहिलेलं मला दिसलेलं नाही.

सहावं, जबाबदारीचं. सॉन्डरची गोष्ट पुन्हा काढतो. ऑगस्ट २०२४ मध्ये करार झाला आणि 'सॉन्डर बाय मॅरियट बॉनव्हॉय' या नावाने त्यांच्या सदनिका तुमच्या वेबसाइटवर आल्या. ९ नोव्हेंबर २०२५ ला, सॉन्डरने कराराचा भंग केला असं सांगून तुम्ही करार संपवलात. दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं. मुक्कामी असलेल्या पाहुण्यांना अर्ध्यातून सामान बांधून बाहेर पडावं लागलं. ज्यांनी थेट तुमच्याकडून आरक्षण केलं होतं त्यांना मदत करण्याचं तुम्ही सांगितलंत, हे मी नोंदवतो. पण त्या माणसाने खोली घेतली होती ती मॅरियट हे नाव वाचून. सॉन्डरचा ताळेबंद वाचून नव्हे.

आमच्याकडे हाच प्रश्न बिलाच्या तळाशी असतो. पाटीवर तुमचं नाव, आणि जीएसटीच्या बिलावर भलत्याच कंपनीचं. पुण्यातलं जे. डब्ल्यू. आणि रिट्झ-कार्लटन व्हेंटिव्ह हॉस्पिटॅलिटीचं, सहारचं जे. डब्ल्यू. आणि पवईचं वेस्टिन शॅले हॉटेल्सचं. दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या, मोठ्या, उघड कंपन्या आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग आरक्षणाच्या पानावरच का सांगत नाही? आगाऊ रक्कम कोणाच्या खात्यात जाते, परत कोणाकडून मागायची, भांडण झालं तर कोणाशी, हे लग्नाच्या आदल्या रात्री कळून काय उपयोग?

कामगारांबद्दल थोडक्यात, कारण तो विषय माझ्यापेक्षा चांगला मांडणारे आहेत. २०१८ च्या शरदात अमेरिकेतल्या आठ शहरांत तुमच्या हॉटेलांतले सुमारे ७,७०० कर्मचारी संपावर गेले होते. एका नोकरीत घर चालावं, एवढीच त्यांची घोषणा होती. विलीनीकरणातून दरवर्षी अमुक कोटींची बचत होईल असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा ती बचत कोणाच्या पाळीतून निघते, हेही सांगत जा. पाटी बदललेल्या हॉटेलातला तो व्यवस्थापक मला "आम्ही तेच आहोत" म्हणाला, ते मला दिलासा देण्यासाठी. पुढच्या वर्षी तो तिथे नव्हता.

आता मागण्या. त्यातल्या एकीलाही तुमची कंपनी मोडावी लागणार नाही.

१. प्रत्येक नावाखाली काय नक्की मिळेल याचं एक पान काढा. खोलीचा किमान आकार, नाश्ता दरात आहे की नाही, सभासदाला काय मिळेल, काय मिळणार नाही. विशेषणं नकोत. मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत ते प्रत्येक हॉटेलच्या पानावर ठेवा. दोन नावांची पानं सारखीच निघाली, तर त्यांतलं एक नाव नव्या हॉटेलांना देणं थांबवा आणि जुने करार संपतील तसं ते मिटू द्या. आजच मोडीत काढा असं मी म्हणत नाही. नुकसानभरपाईचं गणित मलाही कळतं.

२. आरक्षणाच्या पानावर, पैसे भरण्याआधी, तीन गोष्टी लिहा: इमारत कोणाची, चालवतं कोण, पैसे परत देण्याची जबाबदारी कोणाची. जिथे 'बाय मॅरियट' लिहिलेलं आहे तिथे चालवणारी कंपनी बुडाली तर पाहुण्याचा मुक्काम तुम्ही पुरा कराल, दुसऱ्या हॉटेलात आणि त्याच दरात. हे तुम्ही देऊ शकत नसाल तर 'बाय मॅरियट' लिहू नका.

३. पाटी बदलायची असेल तर किमान नव्वद दिवस आधी, आरक्षण असलेल्या प्रत्येकाला आणि मधल्या माणसालाही, लेखी कळवा. जुन्या नावाखाली झालेलं आरक्षण जुन्याच अटींवर पाळा. लग्नाच्या आणि परिषदेच्या बाबतीत ज्याला नको असेल त्याला आगाऊ रक्कम पूर्ण परत.

४. पॉइंटांच्या नियमांत बदल करायचा तर वर्षभर आधी सांगा. छापील तक्ता परत आणणार नसाल तर निदान प्रत्येक हॉटेलसाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पॉइंट लागतील ती मर्यादा जाहीर करा आणि ती वर्षभर हलवू नका.

५. फर्न असो वा पुढे घ्याल ते कुठलंही नाव, त्याची जुनी माहिती तुमच्या यंत्रणेत घेण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या, नको असलेली ओळखपत्रं नष्ट करा, आणि हे केलं असं भारतात जाहीर करा.

६. सीरीजबद्दल वेगळं. फर्नने आजवर पर्यावरणाची काळजी घेणारं हॉटेल म्हणून स्वतःची ओळख केली. विठ्ठल कामतांच्या विलेपार्ल्याच्या ऑर्किडपासून मुंबईत इकोटेल हा प्रकार लोकांना कळला होता, फर्नने तो लहान शहरांपर्यंत नेला. नव्या नावाखाली ती अट राहणार की शोभेपुरतं पान राहणार, हे लिहून द्या. कारण 'फर्न मॅरियट झालं का' याचं खरं उत्तर त्यातच आहे.

या पत्राचं उत्तर मला खासगी नको. तुमच्या भारतातल्या कार्यालयाने ते जाहीर द्यावं, म्हणजे नाशिकच्या, कोल्हापूरच्या, पणजीच्या माझ्यासारख्या मधल्या माणसांनाही ते दाखवता येईल. तुळशीच्या लग्नानंतर आमचा हंगाम सुरू होतो. तोपर्यंत उत्तर आलं नाही, तर माझ्या ऑफिसात एक गोष्ट बदलेल: गिऱ्हाइकाला मी तुमच्या तीसहून जास्त नावांपैकी एकही नाव सांगणार नाही. इमारत कोणाची, व्यवस्थापक कोण, आणि गेल्या वर्षी तिथे लग्न केलेल्या कुटुंबाचा फोन नंबर, एवढंच देईन. बाकीचं त्यांनी त्या कुटुंबाला विचारावं.

कळावे,

आपला,
सांगलीतला एक मधला माणूस